सायलेन्सरला लावलेला रुमाल

गाडीच्या मालकाला गाडीबद्दल काहीही विचारा, तो शेवटी ॲव्हरेजपाशी येऊन थांबतो. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढल्यावर माणसाला माणसांबद्दल ज्या थोड्या गोष्टी खात्रीने सांगता येतात, त्यातली ही एक. मुलीच्या लग्नाला निघालेला बापसुद्धा मला बोनेट उघडून म्हणाला होता, "प्रधान, सध्या अठराच देतेय हो."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमची मजेशीर गिऱ्हाइकं लिहा. मजेशीर पुष्कळ होती. पण लिहायला बसलो तेव्हा एक पांढरा रुमाल सारखा आडवा यायला लागला. म्हणून मजेशीर थोडं लिहितो, आणि मग त्या रुमालाकडे वळतो.

मी सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. पनवेलच्या बाहेर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून एका परदेशी मोटार कंपनीचं अधिकृत वर्कशॉप आहे. पुढे काचेचं शोरूम, मागे पत्र्याची शेड. माझी शेवटची चौदा वर्षं तिथे गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचं मीठ खाल्लंय, आणि तसंही या गोष्टीत कंपनीपेक्षा माझाच वाटा जास्त आहे.

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे मेकॅनिक नव्हे. डॉक्टरकडे केसपेपर काढणारा असतो, तसा आमचा प्रकार. सकाळी गाडी गेटातून आत आली की मालकाबरोबर तिच्याभोवती एक फेरी मारायची, ओरखडे टिपायचे, किलोमीटर आणि डिझेलचा काटा लिहायचा, डिकीत काही मौल्यवान नाही ना ते विचारायचं. मग जॉब कार्ड भरायचं. त्यावर एक रकाना असतो, गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा. त्याचा नियम असा, की गिऱ्हाईक जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आपली अक्कल त्यात घालायची नाही. कारण आपण "ब्रेक पॅड झिजले" असं लिहिलं की मेकॅनिक फक्त पॅड बदलतो. आणि "ब्रेक मारला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडते" असं लिहिलं, तर तो गाडी घेऊन एक चक्कर मारून येतो. असे एकेक मासले मी लिहिलेत. "गाडी रुसते." "गाडी चढाला मन लावत नाही." एका बाईंनी सांगितलं होतं, "मिस्टर चालवतात तेव्हाच आवाज येतो." तेही लिहिलं. नव्या ॲडव्हायझरना मी हे शिकवायचो तेव्हा म्हणायचो, रकाना गिऱ्हाइकाचा आहे, आपला नाही. याचा मला अभिमान होता. पुढे या नियमाचं मी काय केलं ते येईलच.

गाडी धुवायला गेली की आत काय काय सापडतं, त्यावरून घरं कळतात. सीटखाली शाळेचं खोडरबर, लग्नाच्या अक्षता, डॅशबोर्डच्या खणात नवऱ्यापासून लपवलेली लॉटरीची तिकिटं. आम्ही सगळं पिशवीत घालून परत करायचो. काही बोलायचं नाही, हाही नियमच.

आता रुमाल.

बारा वर्षांपूर्वी जवळच्याच कोन गावचे हरिश्चंद्र पाटील आमच्या शोरूममध्ये आले. त्यांना सगळे हरिशेठ म्हणत. पूर्वी भातशेती आणि मिठागर, मग रस्त्यांत आणि टाऊनशिपमध्ये जमीन गेली, आता दोन गाळे आणि एक बंगला. बरोबर बायको होती, कमळावहिनी. हरिशेठना गाडी पसंत होती, रंगसुद्धा ठरला होता. वहिनी मात्र बाजूला उभ्या होत्या, पदर नाकाला लावून. सेल्समनने सहा एअरबॅग, अलॉय व्हील सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "धूर मारतंय का ही? मना डिझेलचा वास आला का छातीत कोंडतंय."

त्यांना दमा होता. सेल्समनने मला हाक मारली, कारण अशा वेळी करायची एक युक्ती माझ्याकडे होती आणि ती शोरूमभर प्रसिद्ध होती.

माझी बायको मला रोज पांढरा, इस्त्रीचा रुमाल द्यायची. मी गाडी चालू केली, मागे गेलो, खाली बसलो आणि तो रुमाल सायलेन्सरच्या तोंडावर धरला. वीसपर्यंत आकडे मोजले. मग उलगडून वहिनींपुढे धरला. पांढरा स्वच्छ.

"बघा वहिनी," मी म्हणालो. "जुन्या डिझेल गाडीला लावला असता तर तव्यासारखा काळा झाला असता. हिच्यातून काही येत नाही."

वहिनींनी रुमाल हातात घेतला. नुसता पाहिला नाही, नाकाला लावून हुंगला. मग मान डोलावली. गाडी त्याच दिवशी बुक झाली आणि सेल्समनने मला चहा पाजला.

पुढे हरिशेठ सर्व्हिसला गाडी आणायचे ती माझ्याकडेच. दुसऱ्या कोणी कार्ड काढलं तर म्हणायचे, "मना परधान पायजे." थंडीत वालाच्या शेंगांची पिशवी यायची. एकदा शेतावर पोपटीला बोलावून नेलं, मडक्यात भाजलेल्या शेंगा मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या इतक्या खाल्ल्या.

दुसऱ्या का तिसऱ्या सर्व्हिसला धुणाऱ्या पोरांनी मागच्या सीटखालून दोन गोष्टी काढून दिल्या. मूठभर वालाची सालं आणि दम्याचा पंप. भिजवलेले वाल सोलले की जी पातळ सालं निघतात, ती. वाळून सीटच्या फटीत बसली होती. गाडीत वाल कोण सोलतं? न बोलण्याचा नियम मोडून मी विचारलं.

हरिशेठ हसले. "अरे, दुपारची लाइट गेली का हिचा जीव घाबरा व्हतो. रस्त्यावरचे डंपर, ती दगडाच्या क्वारीची धूळ, खिडकी उघडायची सोय नाय. मंग मी गाडी चालू करतंय, एशी लावतंय, आन हिला मागं बसवतंय. ताट घेऊन बसते वाल सोलीत. दोन तास, तीन तास. गाडी साफ हाय ना."

"गाडी कुठे असते तेव्हा?"

"पोर्चमंदी. आजून कुठं?"

तो पोर्च मी पाहिला होता. तीन बाजूंनी भिंत, पुढे ग्रिल, आणि धूळ येऊ नये म्हणून ग्रिलला आतून प्लास्टिक. खरं तर तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की बंद जागेत कुठलीही गाडी चालू ठेवू नये. अर्धवट म्हणालो, "शेठ, ग्रिल जरा उघडं ठेवा." पण मनातून मला बरं वाटलं. आपल्या शब्दावर एक बाई निवांत बसून बिरड्याचे वाल सोलते, याचं.

मग एके दिवशी ती बातमी आली. आमच्या कंपनीने परदेशात डिझेल गाड्यांमध्ये लबाडी केल्याचं उघड झालं होतं.

लबाडी काय होती ते साध्या शब्दांत सांगतो. गाडीतून किती विषारी वायू निघतो हे मोजताना गाडी एका जागी उभी असते, चाकं रोलरवर फिरतात आणि स्टिअरिंग कोणी हलवत नाही. गाडीतल्या कॉम्प्युटरला हे ओळखायला शिकवलं होतं. चाकं पळताहेत आणि स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपली परीक्षा चालू आहे. तेवढ्या वेळापुरती गाडी शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की सगळा बंदोबस्त ढिला. शाळेत साहेब तपासणीला आले की वर्ग कसा हाताची घडी घालून बसतो, तसं.

पहिले आठ दिवस आमच्याकडे फोनवर फोन. मला वाटलं, लोक चिडले असतील. चिडले नव्हते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "रिसेल व्हॅल्यू पडेल का?" आणि त्याखालोखाल, "आता जे काय दुरुस्त करणार, त्याने ॲव्हरेज कमी होईल का?"

इरफानभाई म्हणून आमचे एक जुने गिऱ्हाईक होते. पनवेल ते पुणे टूरच्या गाड्या चालवायचे, आमच्या कंपनीच्या तीन. ते स्वतः आले आणि माझा हात धरून म्हणाले, "प्रधानसाहब, अल्ला का वास्ता, मेरी गाडी को लॅपटॉप मत लगाना. घाट चढते आहे ना गाडी? पिकअप गेला तर मी पॅसेंजरला काय सांगू, हवा साफ झाली म्हणून उतरून धक्का मारा?" मी म्हटलं, अजून काही आलेलंच नाही. तरी त्यांनी तिन्ही गाड्यांत स्टिअरिंगखाली, आम्ही लॅपटॉपची वायर जिथे जोडतो त्या सॉकेटवर, चिकटपट्टी मारली आणि वर मार्करने लिहिलं, 'हाथ लगाना मना है'.

दुसरे सबनीस सर. नवीन पनवेलला राहणारे, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. हवेबद्दल खरोखर संतापलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे हे एकच. फाइल घेऊन आले. माझ्यासमोर बसून त्यांनी तासभर वर्ग घेतला. मी आपलं बाजू सावरायला म्हणालो, "सर, मी स्वतः रुमाल लावून बघितलाय. पांढरा राहतो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "प्रधान, रुमालावर काजळी बसते. हा वायू आहे, तो रुमालातून आरपार जातो. वर्षभर रुमाल धरून बसलात तरी पांढराच राहील. आणि दमेकऱ्याला काजळीइतकाच हाही वाईट."

मी विचारलं, "आणि आपली पीयूसी?"

"डिझेलच्या पीयूसीत धूरच बघतात. तुमच्या रुमालाचीच मोठी बहीण."

सर गेल्यावर मी खुर्चीत तसाच बसलो. माझ्या डोळ्यांपुढे ते ताट आलं, भिजवलेल्या वालांचं. मला सगळं त्याच क्षणी समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की नक्की असं कुठे काय समजलंय.

फोन करायला हवा होता. कोनला स्कूटरने पंधरा मिनिटं लागतात. मी गेलो नाही. कंपनीचं पत्रक आलं होतं की या विषयावर गिऱ्हाइकाशी कोणीही परस्पर बोलू नये, मुख्य कार्यालयातून काय सांगायचं ते कळवलं जाईल. माझी नोकरीची सात-आठ वर्षं राहिली होती. पण नुसती भीती होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. लाज होती. ज्या माणसाने सगळ्यांदेखत रुमाल उलगडून दाखवला, त्याने आता जाऊन काय म्हणायचं? मग मी मनाची समजूत काढली. भानगड परदेशातली आहे. इथल्या गाड्यांचं काही सिद्ध झालेलं नाही. आणि कोनच्या हवेत क्वारी आहे, डंपर आहेत, त्यापुढे एका गाडीचं काय. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, हीच पंचाईत.

मधल्या काळात हरिशेठ एकदा सर्व्हिसला आले. बातमीबद्दल अक्षर बोलले नाहीत. पेपरातली मोटारींची बातमी ते वाचत नसत. गाडी धुवायला गेली, आणि मॅटखाली पुन्हा वालाची सालं निघाली. पोराने हातावर ठेवून मला दाखवली. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जॉब कार्डाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'नियमित सर्व्हिस, तक्रार नाही.'

बातमीनंतर वर्ष उलटून गेल्यावर आपल्याकडच्या गाड्यांसाठी अपडेट आलं. गाडी बोलवायची, लॅपटॉप लावायचा, पाऊण तासात काम संपलं. बरोबर छापील वाक्य होतं, गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचं, 'सॉफ्टवेअर अपडेट आहे, मोफत आहे.' वर एक वॉश फुकट.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. इरफानभाईंनी चिकटपट्टी काही काढली नाही. सबनीस सर पहिल्याच दिवशी आले, मला आनंद झाला. गाडी लॅपटॉपला लागल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "प्रधान, ॲव्हरेजवर परिणाम होणार नाही ना?" पुढे सहा महिने ते एका वहीत प्रत्येक टाकीचा हिशेब घेऊन येत होते. बऱ्याच जणांना तर वॉशच हवा होता, अपडेट झालं काय नि नाही काय.

आणि एका सकाळी हरिशेठ आले. आमच्या फोनवाल्या मुलीने बोलावलं होतं. मी गाडीभोवती फेरी मारली, ओरखडे टिपले.

"काय करनार हाय आज?" त्यांनी विचारलं.

"सॉफ्टवेअर अपडेट, शेठ. मोफत आहे."

"कशासाठी?"

छापील वाक्य तिथे संपत होतं. मी काहीतरी पुटपुटलो, इंजिनाच्या धुराची सेटिंग वगैरे.

"धूर?" हरिशेठनी खिशात हात घातला. त्यांचा रुमाल निळ्या चौकड्यांचा होता. तो परत ठेवला आणि माझ्या खिशाकडे बोट केलं. "तुझा काढ. लाव."

मी रुमाल काढला. गाडी चालूच होती. खाली बसलो, धरला. या वेळी मी वीसच्या पुढे मोजत राहिलो, कारण उठावंसं वाटत नव्हतं. उलगडला तर मधोमध पुसटशी राखाडी सावली, बाकी पांढरा. गाडी चांगली ठेवलेली होती.

हरिशेठ खूश झाले. "बग! मी बोल्लू व्हतो ना. साफ हाय गाडी. हिला सांगतो."

ते 'हिला सांगतो' नसतं, तर मी कदाचित गप्प राहिलो असतो.

"शेठ," मी म्हणालो, "जे वाईट असतं ते या रुमालावर दिसत नाही. तो वायू असतो, आरपार जातो. कंपनीने परदेशात त्यातच लबाडी केली. वहिनींना गाडी चालू ठेवून आत बसवू नका. त्यांच्या छातीला ते वाईट आहे."

हरिशेठ रागावले नाहीत. मला वाटलं होतं शिव्या देतील, कॉलर धरतील. ते गाडीला टेकून उभे राहिले.

"मंग रुमाल कशाला लावलास तवा?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, शेठ."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, अगदी साधेपणाने, एखाद्या गोष्टीचा हिशेब जुळवून बघावा तसा.

"आन ठावं कवा झाला?"

खोटं सांगता आलं असतं. 'आजच पत्रक आलं' म्हटलं असतं तर संपलं असतं. का कोण जाणे, नाही जमलं.

"गेल्या वर्षी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "वरीसभर ती बसली गाडीत." माझ्याशी बोलल्यासारखं नव्हे.

मी वहिनींची तब्येत विचारली. मध्ये दोनदा दवाखान्यात ठेवायला लागलं होतं म्हणाले. ते गाडीमुळे, की डंपरमुळे, की चुलीपाशी काढलेल्या तीस वर्षांमुळे, हे कोणी सांगू शकणार नाही. पुढे मी एका छातीच्या डॉक्टरांना विचारलंही. ते म्हणाले, असं वेगळं काढून दाखवता येत नाही. ते ऐकून मला सुटका वाटायला हवी होती. नाही वाटली.

हरिशेठनी माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. जमिनी गेलेल्या गावातल्या माणसाला कागदाची किंमत शिकवावी लागत नाही. तोंडी काय काय कबूल झालं होतं आणि कागदावर काय उरलं, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं.

"लिव," ते म्हणाले. "मी बोलतंय तसाच लिव. रुमाल लावून सांगितला व्हता गाडी साफ हाय. आता सांगतात नाय."

मी लिहिलं. त्यांच्याच शब्दांत, तक्रारीच्या रकान्यात.

"आजून लिव. परधानला वरीसभर ठावं व्हता."

माझं पेन थांबलं. आणि मी म्हणालो, "शेठ, या रकान्यात फक्त गाडीची तक्रार लिहितात. माणसाची नाही."

असा नियम कुठेही नव्हता. तो मी त्या क्षणी तयार केला. 'मिस्टर चालवतात तेव्हाच आवाज येतो' हे वाक्य ज्या माणसाने त्याच रकान्यात लिहिलं होतं, त्याने.

"बरा," हरिशेठ म्हणाले.

दुपारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. हे सिस्टिममध्ये जाता कामा नये म्हणाला. कॉम्प्युटरवर 'सॉफ्टवेअर अपडेट, तक्रार नाही' असं गेलं. हाताने लिहिलेली प्रत मात्र मी सही-शिक्क्यासह हरिशेठना दिली होती. तेवढंच माझं शौर्य.

त्यानंतरही त्यांची गाडी आमच्याकडे यायची, पण कार्ड दुसऱ्याने काढायचं. समोर आलो तर मान हलवायचे. वालाच्या शेंगा आल्या नाहीत, पोपटीचं बोलावणं आलं नाही. ऐकलं की त्यांनी इन्व्हर्टर बसवला आणि एका खोलीत एसी. आतल्या सीटची सफाई चालू असली की मी एक नजर टाकायचो. सालं पुन्हा कधी निघाली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी नव्या पोरांसमोर भाषण करायला सांगितलं. 'रकाना गिऱ्हाइकाचा असतो' हे माझं नेहमीचं वाक्य तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि प्रकृतीला जपा वगैरे बोलून खाली बसलो.

यंदा, दसऱ्याच्या आधी, फोन आला. नाव नव्हतं, पण आवाज ओळखला. "परधान, गाडी इकतंय. गिऱ्हाईक बोलतंय कंपनीचा मानूस दाव. येशील?"

गेलो. कोन ओळखू येत नाही आता, पण तो पोर्च तोच होता. ग्रिलचं प्लास्टिक काढलेलं. गाडी बाहेर, चिंचेखाली उभी. कमळावहिनी ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी, बाजूला घरघरणारं मशिन. मांडीवर ताट होतं. मला पाहून त्यांनी मान हलवली. मी नमस्कार केला.

गिऱ्हाईक पनवेलजवळच्या करंजाड्याचं होतं, तिशीतला एक मुलगा. बँकेत नोकरी. गाडीभोवती फिरून झाल्यावर त्याने मला विचारलं, "काका, गाडी कशी आहे?"

मी म्हणालो, "इंजिन चांगलं आहे. मीच बघत होतो. पण घरात कोणाला दमा आहे का?"

तो गोंधळला. "आई आहे. तिला दर महिन्याला दवाखान्यात न्यायला लागतं, म्हणूनच गाडी बघतोय."

मग मी त्याला सगळं सांगितलं. ही गाडी कोणत्या लबाडीतली आहे, अपडेट कधी केलं, बंद जागेत चालू ठेवून आईला आत कधीही बसवायचं नाही. धूर दिसत नाही म्हणून गाडी साफ समजायची नाही. सायलेन्सरला कोणी रुमाल लावून दाखवला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे एका दमात बोललो. मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा हरिशेठकडे बघत होता. विकणाऱ्याच्या बाजूने आणलेला माणूस गाडीची बदनामी करतोय, हे त्याला कळेना.

सगळं ऐकून तो म्हणाला, "बरं. आणि ॲव्हरेज किती देते?"

ओट्यावरून खुदकन आवाज आला. वहिनी हसल्या होत्या. मग त्यांना खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही तिघं उभे राहिलो. मुलाने घड्याळ पाहिलं, विचार करून कळवतो म्हणाला आणि गेला.

"शेठ, तुमचा सौदा मोडला मी," मी म्हणालो.

हरिशेठ आत गेले आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आले. तिच्यात सातबारा होता, जमिनीच्या नोटिसा होत्या, आणि सर्वांत खाली ते जॉब कार्ड. शाई फिकी झाली होती, पण माझं अक्षर स्वच्छ होतं. "आलेल्या गिऱ्हाइकाला हा दाखवनारच व्हतू मी," ते म्हणाले. "तुना बोलवला तो तू काय बोलतंस ते बगायला."

तक्रारीच्या रकान्यात त्यांची दोन वाक्यं होती. खाली दोन ओळींची जागा कोरी होती. आठ-नऊ वर्षं ती तशीच राहिली होती.

मी पेन मागितलं. त्यांनी खिशातलं काढून दिलं. गाडीच्या बोनेटवर कार्ड ठेवून मी लिहिलं, 'परधानला वरीसभर ठावं व्हता.' त्यांच्याच शब्दांत, शिकवायचो तसं. खाली सही केली.

हरिशेठनी चष्मा लावला. ते चौथी शिकलेले, एकेक अक्षर बोट ठेवून वाचतात. सहीपर्यंत आले. मग ते कार्ड घेऊन ओट्यावर गेले आणि वहिनींच्या समोर धरलं. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी ते वाचून दाखवलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग ताट मांडीवरून बाजूला ठेवलं. त्यात वाल होते, निम्मे सोललेले.

"बस," त्या म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची दाखवली. "रायलेलं तू सोल. मना दम लागतो."

मी बसलो आणि सोलायला लागलो.